डेऱ्यातली लाल ज्वारी

एका गावात एक डेरा होता. राजाच्या आणि सावकाराच्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या, आज एका मातीच्या डेऱ्याची सांगतो.

हा डेरा गावच्या चर्चमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, लाकडी झाकण घालून ठेवलेला असे. गावात चाळीसेक ख्रिस्ती घरं होती. जात्यावर बसण्याआधी प्रत्येक घरची बाई प्रभूचं नाव घेऊन धान्याची एक मूठ बाजूला काढून ठेवी. आठवड्याच्या सात मुठी रविवारी डेऱ्यात पडत. शनिवारी ते धान्य निळ्या पट्ट्यांच्या पिशवीत भरायचं आणि ज्या घरची चूल थंडावली असेल, त्या घराच्या दाराला गुपचूप अडकवून यायचं, असा रिवाज होता. पिशवी कुणाकडे गेली हे दोघांनाच ठाऊक असे, पाळकसाहेबांना आणि चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या योनाकाकांना. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, फक्त पिशवी परत द्यायची. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. तशी ती पिशवीही रिकामी जात नसे. कुणी तीत चार मिरच्या घालून देई, कुणी मूठभर वाळलेली बोरं.

त्या गावात रिबका नावाची बाई राहत होती. नदीकाठची काळी जमीन तिच्या घरची. तिच्या शेतात ज्वारी पिके ती लालसर झाक असलेली, अख्ख्या गावात तेवढी एकच. रिबकाचा गळा गोड होता. पहिल्या रांगेत उभी राहून ती गीत उचलायची आणि मग सारं चर्च तिच्या मागून गायचं. डेऱ्यात तिची पिशवी सगळ्यांत मोठी असायची. लोक म्हणत, बाई असावी तर अशी.

आता खरं सांगतो, पिशवीत काय असायचं ते. रिबका ज्वारी पाखडून निवडायची. चांगली ज्वारी घरात राहायची, आणि सुपाच्या कडेला उरलेले किडके दाणे, पोचट दाणे आणि बारीक खडे पिशवीत जायचे. इतर घरी हा माल कोंबड्यांना टाकतात. रिबकाच्या कोंबड्या मात्र चांगली ज्वारी खायच्या. त्या इतक्या गुबगुबीत झाल्या होत्या की कुंपण ओलांडायचं म्हटलं तरी त्यांना दम लागे.

तिचा नवरा शमुवेल साधा माणूस. एकदा त्याला राहवलं नाही.

"अगं, देवाच्या नावानं देतीस ना? मग जरा बरं तरी घाल."

रिबका म्हणाली, "कोंबडी अंडं देते. डेरा काय देतो?"

"पण खाणाऱ्याला..."

"धर्माची गाय, आणि दात का गं नाय?" असं म्हणून तिने पिशवीचं तोंड बांधलं. ती वाईट बाई नव्हती. वाईट दिवस तिने पाहिले नव्हते, एवढंच.

मग फाल्गुन आला. ज्वारी कणसांनी वाकली होती, चार दिवसांत काढणी सुरू व्हायची होती. एका दुपारी आभाळ काळं झालं आणि पाव तास गारा पडल्या. गारपिटीला गावाची शीव कळत नाही आणि कुणाचं शेत कुणाचं तेही कळत नाही. ती नदीकाठच्या पट्ट्यावरून गेली आणि बाकी गाव कोरडं राहिलं. रिबकाची ज्वारी चिखलात आडवी झाली. गुबगुबीत कोंबड्यांना पळता आलं नाही, त्या अंगणातच मेल्या. बैल सोडवायला धावलेला शमुवेल गारांवरून घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

नवं पीक येणार म्हणून जुनी ज्वारी त्यांनी आधीच विकली होती. त्या पैशातून शमुवेलचा पाय बांधला, औषधपाणी केलं. घरात एक कणगी होती, तीही अर्धीच भरलेली.

रिबकाचं गाणं थांबलं. ईस्टरच्या पहाटे योनाकाकांनी घंटा वाजवली, लोक नवे कपडे घालून आले, गीत सुरू करायची वेळ झाली. सगळ्यांनी रिबकाकडे पाहिलं. ती मागच्या रांगेत तोंड मिटून उभी होती. तिला मनातून देवाचा राग आला होता. इतकी वर्षं गळा फोडून याचं गाणं गायले, आणि यानं नेमकं माझंच शेत शोधून काढलं!

घरी शमुवेल बाजेवर पडल्या पडल्या जेवणाआधी प्रार्थना करायचा. ती लांबत जायची.

"अर्धी भाकर, आन केवढी मोठी प्रार्थना!" रिबका चिडून म्हणायची.

"भाकर अर्धी हाय म्हणून उपकारबी अर्धेच मानू का?" तो विचारायचा. यावर ती भांडी आपटायची.

ज्येष्ठ उजाडला तशी कणगी खाली गेली. पण गावाला हे कळलेलं रिबकाला चाललं नसतं. काल जी सगळ्यांत मोठी पिशवी आणत होती, तिच्या घरची चूल थंडावली असं कुणी म्हटलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं तिला वाटे. म्हणून एका रविवारी तिने कणगीचं बूड झाडलं. जे निघालं त्यात माती, किडे, काड्या आणि थोडेसे दाणे होते. ते पिशवीत भरून, पिशवी फुगलेली दिसेल अशी बांधून, सगळ्यांसमोर तिने डेऱ्यात ओतलं आणि मान ताठ ठेवून घरी आली. घरात आता चार दिवसांचं पीठ होतं.

पाचव्या दिवशी चूल पेटली नाही. सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिने दार उघडलं तर कडीला निळ्या पट्ट्यांची पिशवी अडकवलेली.

रिबका पिशवीकडे बघत उंबऱ्यातच उभी राहिली. आधी तिला लाज वाटली. मग ती धास्तावली, कारण पिशवीत काय आहे ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या रविवारी झाडलेली माती, ते किडे आणि त्या काड्या आता तिच्याच नवऱ्याच्या ताटात पडणार होत्या. देवाने बरोबर हिशेब केला, असं तिला वाटलं. पिशवी परत चर्चमध्ये ठेवून यावी असंही एकदा मनात आलं. पण आत शमुवेल कालपासून उपाशी होता. तिने पिशवी आत आणली, सूप घेतलं, पदर खोचला आणि निवडायला बसली.

सुपात धान्य पडलं. बाजरी, पांढरी ज्वारी, कुणाच्या घरचे थोडे गहू. मधूनमधून लाल ज्वारीही होती, तिच्या स्वतःच्या शेतातली. ती एकेक लाल दाणा उचलून बघू लागली. दाणा धड होता. दुसरा घेतला, तोही धड. तिने सगळं सूप पाखडलं. एक खडा नाही, एक किडा नाही, काडी नाही. लाल दाणे मूठभरच होते, पण कुणीतरी ते त्या मातीतून एक एक करून वेचून काढले होते.

रिबकाला रडू फुटलं. शमुवेल बाजेवरून म्हणाला, "काय झालं गं? लई किडे निघाले का?"

"न्हाई वो," ती हुंदके देत म्हणाली, "किडे निघाले न्हाईत, म्हणून रडतीय."

त्या दिवशी भाकरी झाली ती चार घरच्या धान्याची. गव्हामुळे चिकट, बाजरीमुळे काळपट, आणि थापताना कडेला चिरलेली. एरवी अशी भाकरी रिबकाने कुणाला वाढली नसती. दोघांनी ती कांद्याबरोबर खाल्ली आणि दोघांनाही ती अतिशय आवडली. शमुवेलची प्रार्थना त्या दिवशी एका वाक्यात आटोपली. भुकेपुढे त्याचंही काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासना संपली, लोक पांगले. रिबका रिकामी पिशवी पदराखाली धरून मागे राहिली. तीत घालायला तिच्याकडे काही नव्हतं. कुठेतरी गुपचूप ठेवून द्यावी म्हणून ती चर्चच्या मागे गेली, तर तिथे कडुलिंबाच्या सावलीत योनाकाका मांडीवर सूप घेऊन बसलेले. चष्म्याला दोरी बांधलेली, नाक सुपाला टेकायला आलेलं. त्या दिवशीचं डेऱ्यातलं धान्य ते निवडत होते. बायकांचं काम, पण बोटं अशी सराईत चालत होती की सासूने सुनेला बोलावून दाखवावं.

"काका, हे तुम्ही करता?"

"मंग कोण करील? घंटेला काय, दोन हात मारले की झालं. बाकीचा येळ मोकळाच."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

रिबका खाली बसली. योनाकाका सूप हलवत सांगू लागले. "दुष्काळाच्या साली ही पिशवी माझ्या दारी आली व्हती. माझी बायकू सलोमी आजारी. पिशवी सोडली तर आत सगळा किडका माल. सलोमी म्हणाली, 'अवो, आपुन काय कोंबड्या हाव का?' आन हसली. ती हसली, मी न्हाई हसलो. त्याच साली ती गेली."

कोंबड्या हा शब्द ऐकून रिबकाची मान खाली गेली.

"लई राग आला मला. देवाचा, गावाचा, समद्यांचा. चर्च सोडणारच व्हतो. मंग एका रातीला इचार आला, मी तरी कोणता निवडका दाणा? तोंडाळ माणूस, बायकूला धड बोललो न्हाई कधी. तरी प्रभूनं मला सुपाबाहेर फेकलं न्हाई. हातात घेतलं, झटकलं, ठेवून घेतलं. म्हणलं, त्यानं एवढं केलं, तर मी निदान सूप तरी धरीन. आता कुणाच्या घरी किडा जात न्हाई."

"काका, लाल ज्वारी कुणाची, हे तुम्हाला ठाऊक होतं."

योनाकाकांनी चष्मा नाकावर सरकवला. "माझी नजर अधू हाय. दाण्यातला किडा दिसतो, माणसाचं नाव दिसत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "पर एक सांगतो. इतकी वर्षं किडके दाणे आले, मी गप बसलो. गेल्या रविवारी माती आली. तवा कळलं, कुणाच्या तरी कणगीचं बूड लागलं."

म्हणजे जे लपवायला तिने पिशवी फुगवली होती, तेच त्या पिशवीने म्हाताऱ्याला सांगितलं होतं! आणि तिचा लबाडपणा निवडता निवडता त्याला तिची भूक दिसली होती. रिबका उठली आणि चालू लागली. योनाकाकांना वाटलं, बाई रागावली.

थोड्या वेळाने ती परत आली. एका हातात रिकामी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात घरचं सूप.

"पिशवीत घालायला काही नव्हतं काका," ती म्हणाली, "म्हणून मीच आलेय."

योनाकाका हसले. बाजूला सरकून त्यांनी तिला सावलीत जागा करून दिली. अर्धं धान्य तिच्या सुपात ओतलं. निवडता निवडता रिबका गुणगुणू लागली, आणि फाल्गुनापासून बंद पडलेलं गाणं तिचं तिलाही न कळता सुरू झालं. या वेळी ऐकायला पहिली रांग नव्हती, एक म्हातारा होता आणि लिंबावरचे कावळे. पण देवाचं गाणं ती त्या दिवशी पहिल्यांदाच देवासाठी गात होती.

पुढचं सगळं चांगलंच झालं, ते सांगायला मला फार आवडतं. शमुवेलचा पाय जुळला, जरासा लंगडत का होईना तो चालू लागला. पेरणीला गावाने बैल दिले. पुढच्या फाल्गुनात लाल ज्वारी खळ्यावर आली, तेव्हा रिबकाने पहिली मूठ काढली ती राशीच्या मधली. नव्या कोंबड्यांना सुपाच्या कडेचा माल मिळू लागला. त्या बारीक झाल्या, पण अंडी पूर्वीइतकीच देत.

कापणीच्या सणाला सगळे एकत्र जेवायला बसले. रिबकाने लाल ज्वारीची पहिली भाकरी योनाकाकांना वाढली. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावला. सगळ्यांचे हात थांबले.

"खडा न्हाई," योनाकाका म्हणाले, आणि सगळी पंगत हसली.

लिंबाखाली आता रविवारी सहा-सात सुपं जमतात, गप्पा रंगतात. एकदा गावात नवी आलेली एक बाई भली मोठी पिशवी रिबकाच्या हाती देऊन गेली. रिबकाने ती सुपात ओतली तर निम्मे किडके दाणे. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने विचारलं, "कुणाचं गं हे?"

रिबकाने सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "माझं," ती म्हणाली, आणि निवडू लागली.

तात्पर्य: आपल्या पडत्या काळात ज्याला देवाची दया मिळाली, त्याने दुसऱ्याचे दोष दाखवत बसू नये. प्रभूने जसं आपल्याला टाकून न देता निवडून घेतलं, तसंच प्रेमाने इतरांना सांभाळून घ्यावं आणि देताना उरलंसुरलं नव्हे, उत्तम ते द्यावं.