पाण्याच्या पंक्तीला मसाला

कोल्हापूरचे दाजीसाहेब मसाल्याचे कारखानदार. परदेशातल्या प्रदर्शनाहून परतले ते इंग्रजीचं नवं वारं अंगात भरूनच. कारखान्यात चव तपासणाऱ्या मंजिरीला म्हणाले, "ताई, नुसतं ‘गुड’ म्हणून माल खपत नसतोय. उद्या लंडनचा व्यापारी येतोय, मूळचा इकडचाच. त्याच्यासमोर प्रत्येक घासाला ‘ॲब्सोल्यूटली अमेझिंग’ म्हणायचं. जमत नसेल तर तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवतो."

"प्रत्येक घासाला?"

"प्रत्येक! हात आखडता घ्यायचा नाही."

व्यापारी आला. मंजिरीनं रोजच्या रीतीनं आधी जीभ साफ करायला कोमट पाण्याचा घोट घेतला आणि डोळे विस्फारून म्हणाली, "ॲब्सोल्यूटली अमेझिंग!" मग बिनमिठाच्या भाताचा घास. "ॲब्सोल्यूटली अमेझिंग!" शेवटी दाजीसाहेबांच्या मसाल्याचा तांबडा रस्सा. त्यालाही तेच.

व्यापाऱ्यानं न चाखताच चमचा खाली ठेवला. दाजीसाहेब लालबुंद झाले. "काय ओ ताई, आमचा मसाला पाण्याच्या पंक्तीला बसवलात?"

"पंगत तुम्ही मांडलीत साहेब. मी फक्त वाढलं."

दाजीसाहेबांचा आवाज उतरला. "बरं, आता तुमच्या मनाचं बोला."

मंजिरीनं रस्सा पुन्हा चाखला, सावकाश. "गुड," ती म्हणाली, "पण मीठ जरा जास्त झालंय."

व्यापाऱ्यानं चमचा उचलला, चाखला आणि पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "मीठ कमी करा आणि माल पाठवा. पण दर खेपेला मला या बाईंचं ‘गुड’ हवं. चालेल?"

"ॲब्सो..." दाजीसाहेबांनी जीभ चावली. "येस."