नवव्याचे नाव

एका राज्यात मेलेल्यांनाही मानपान होता. टेकडीच्या माथ्यावर राजघराण्याच्या समाध्या, उतारावर सरदारांची कोरीव थडगी, पायथ्याशी कारागिरांचे साधे दगड. मजुरांना मात्र वेशीबाहेर कुठेही पुरत. त्यांच्यावर ना दगड, ना नाव.

एके दिवशी राजमाता वारली. माथ्यावर खड्डा खणू लागले, तो माती लोखंडासारखी कठीण झाली. तीन कुदळी मोडल्या. राजा सुमेध आईच्या शवापाशी बसून राहिला. अखेर त्याने गोमाला बोलावले. ती वेशीबाहेर गोरगरिबांचे खड्डे खणत असे आणि तिला पाखरांची भाषा येत असे.

गोमाने माळावरच्या टिटवीला विचारले. टिटवी म्हणाली, "राजाच्या बापाने तलाव बांधला, तेव्हा बांध खचून नऊ मजूर गाडले गेले. त्यांना न काढताच बांध पुरा केला. त्यांतल्या एकाची आई जादूगारीण. शाप तिचा आहे."

"उःशाप?"

"राजाने नऊ जणांच्या अस्थी स्वतः खणून काढाव्यात. स्वतःच्या खांद्यावरून माथ्यावर न्याव्यात. प्रत्येकाला नावाने हाक मारून मातीत ठेवावे; त्यांच्यापुरती माती वाट देईल."

गोमाने हे सांगताच राजाने मुकुट उतरवला. बांधाची कड खणता खणता त्याचे हात सोलवटले. प्रधान म्हणाले, "महाराज, ओझे आम्ही नेतो."

"नको," राजा म्हणाला, आणि नऊ वेळा टेकडी चढला.

गावोगाव विचारून आठ नावे मिळाली; त्या आठांना राजाने हाक मारून मातीत ठेवले. नववे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा गोमा राजाला तलावापलीकडच्या झोपडीत घेऊन गेली. दारात जादूगारीण टोपलीसाठी बोरूच्या काड्या सोलीत बसली होती.

राजाने हात जोडले. "आई, तुमच्या मुलाचे नाव काय?"

म्हातारीचे हात थांबले. "तीस वर्षांत हे कोणी विचारले नाही."

"मी विचारतो आहे. माझीही आई मातीविना पडून आहे."

तिने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "रुपाजी. डाव्या कुशीवर निजायचा."

राजाने रुपाजीला हाक मारली आणि त्याच्या अस्थी डाव्या कुशीच्या बेताने मातीत मांडल्या. त्याच क्षणी सारी टेकडी भुसभुशीत झाली. गोमाने रुपाजीशेजारीच राजमातेचा खड्डा खणला. पहिली मूठ माती जादूगारणीने टाकली. राजा तेव्हा प्रथमच रडला, आणि म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून त्या राज्यात जो मरे, त्याला माथ्यावरच्या त्याच ओळीत पुढची मोकळी जागा मिळे. मग तो कोणीही असो.