जवळ दाखवणारी दुर्बीण

फार वर्षांपूर्वी नागोजी शिकाऱ्याच्या म्हाताऱ्या बंदुकीवर नवी दुर्बीण बसली. लांबचं रानडुक्कर ती इतकं जवळ आणायची की त्याचे राठ केस मोजावेत.

एका सकाळी डुक्कर दिसलं. चित्र लहान करायला नागोजीने दुर्बिणीचं कडं फिरवलं, पण ती अडून बसली.

"फिर गं बाई," बंदूक थकल्या आवाजात म्हणाली. "आजूबाजूचंही दिसू दे."

"लहान दाखवलं, तर मला कोण विचारणार?"

"मी खूप गोळ्या झाडल्यात. एकही परत बोलावता आली नाही."

दुर्बीण कुरकुरत फिरली. डुक्कर लहान झालं. त्याच्या पलीकडे एक बाई वाकून मोहाची फुलं वेचत होती.

नागोजीने चापावरचं बोट काढलं आणि बंदूक खाली केली. डुक्कर झाडीत निघून गेलं. बाईला काहीच कळलं नाही. ती फुलं वेचत राहिली.