मानव-अभ्यास मंडळातील रिकामी जागा

फार पुरातन काळी, प्राण्यांची भाषा पृथ्वीवरून लोपली नव्हती तेव्हा, एका डोंगराळ राज्याच्या सीमेवर एक विस्तीर्ण अरण्य होते. लहानथोर वाचकहो, त्या अरण्यात घडलेली ही हकिकत आहे.

तेथील प्राण्यांनी एक मंडळ स्थापन केले होते. पाणवठे राखणे किंवा झाडे मोजणे हे त्याचे काम नव्हते. माणूस समजून घेणे, एवढेच त्याचे काम होते. माणूस अरण्यातून काय नेतो हे सर्वांनाच दिसते. तो ते का नेतो हे ज्याला कळते, त्यालाच अरण्य राखता येते, असे मंडळ स्थापन करणाऱ्यांचे मत होते. आणि ते यथार्थ होते.

मंडळात पाच आसने होती. पाचही भरलेली असल्यावाचून माणसाविषयी कोणताही निर्णय घेता येत नसे. शिवाय कोणी स्वतःचे नाव सुचवू नये, दुसऱ्याने सुचवावे आणि सुचवलेल्याने होकार द्यावा, असा दंडक होता.

पाचव्या आसनावरील कावळा वार्धक्याने निवर्तला. तेव्हा अध्यक्ष असलेल्या वृद्ध सांबराने नावे मागवली आणि दवंडीचे काम मंडळाचा सदस्य असलेल्या मोराकडे सोपवले. मोराने अरण्याच्या मध्यभागी असलेल्या कड्यावर उभे राहून तीन दिवस दवंडी दिली. त्याचा आवाज मोठा होता आणि उच्चार निर्दोष होते. नावे मात्र त्या कड्याच्या आसपासचीच आली. वानराचे नाव त्याच्या मेहुण्याने सुचवले आणि कोल्ह्याचे नाव दुसऱ्या कोल्ह्याने.

त्यांच्यावर खल चालू असतानाच धनेश पक्षी धापा टाकीत सभेत उतरला.

"अध्यक्षमहाराज, ओढ्याकाठच्या बेहड्यावर गावकऱ्यांनी चुन्याची खूण केली आहे," तो म्हणाला. "चार दिवसांनी ते झाड तोडणार. त्याच्या ढोलीत माझी पत्नी आणि दोन पिल्ले आहेत. ढोलीचे तोंड आम्हीच मातीने लिंपले आहे. तिची पिसे झडली आहेत, तिला उडता येत नाही. मंडळाने काहीतरी करावे."

सांबराने उमेदवारांकडे पाहिले. "गावाला तो बेहडा कशासाठी हवा आहे?"

वानर हसले. "आजोबा, माणसाला कारण लागते होय? हातात कुऱ्हाड आली की त्याला झाड दिसते."

कोल्हा घसा खाकरून म्हणाला, "माणूस मूलतः लोभी आहे. या विषयावर माझी सात व्याख्याने झाली आहेत."

"कोणासमोर?"

"कोल्ह्यांसमोर."

धनेश म्हणाला, "मला व्याख्यान नको, कारण हवे आहे." आणि तो उडाला.

तो अरण्याच्या कडेकडेने निघाला. बांधावरच्या होल्याला त्याने विचारले, कुंपणातल्या मुंगसाला विचारले. दोघांनीही एकच उत्तर दिले, "सुताराच्या वळचणीला साळुंकी राहते, तिला विचारा."

साळुंकीने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. "अहो, साकवासाठी! मागच्या वर्षी ओढ्यावरचा साकव, तो लाकडी पूल, पुरात वाहून गेला. त्यानंतर एका अडलेल्या बाईला छातीभर पाण्यातून पलीकडे वैद्याकडे न्यावे लागले. बाई वाचली, मूल गेले. म्हणून पावसाळ्याआधी गावाला लांब, सरळ खोड हवे आहे."

धनेश म्हणाला, "साळुंकीबाई, एवढे सारे ठाऊक असून तुम्ही मंडळाला कसे सांगितले नाही?"

"कोणते मंडळ?" साळुंकीने विचारले.

त्याच सायंकाळी धनेशाने साळुंकीला सोबत आणून भर सभेत तिचे नाव सुचवले. मोराने पिसारा आवळला. "ही गावातले उष्टे खाते. उद्या गावाचीच बाजू घेईल."

"बाजू मी कोणाचीच घेत नाही, मोरराव," साळुंकी म्हणाली. "शेजार आहे, म्हणून ऐकू येते. तुमच्या कड्यावर ऐकू येत असते, तर मी कशाला आले असते?"

सांबर शांतपणे म्हणाला, "हे मंडळ माणसाला दूषणे देण्यासाठी स्थापन झालेले नाही, जाणण्यासाठी झाले आहे. साळुंकी, तुझा होकार आहे का?"

"सभेत बोलण्याची मला सवय नाही," ती म्हणाली. "पण त्या ढोलीत पिल्ले आहेत. होकार आहे."

पाचवे आसन भरले. साळुंकीने लगेच सांगितले, "गावाला खोड हवे आहे, तो बेहडाच हवा असे नाही."

तेव्हा वानर डोके खाजवीत म्हणाले, "मग वादळात पडलेला तो ऐनाचा वृक्ष? वरच्या वाटेलगत पडून आहे. वेलींनी झाकला आहे, इतकेच."

"त्या वाटेने बायका पहाटे सरपणाला जातात," साळुंकी म्हणाली. "तो उघडा करा."

वानरे आणि रानडुकरे कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सरपणाला गेलेली एक तरुणी धावतच सुताराकडे आली.

"काका, वरच्या वाटेला ऐनाचं अख्खं खोड पडलंय!"

"रोज जातेस की त्या वाटेनं. आजच कसं दिसलं गं?"

"वेलीत बुडालं होतं. वानरांनी धिंगाणा घातलाय तिथं."

म्हाताऱ्या सुताराने तिच्यासोबत जाऊन कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून पाहिले. "खणखणीत आहे. बेहडा वाचला म्हणायचा. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय. खूण करताना हात उचलत नव्हता माझा."

"मग गावकीत बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी?" सुतार म्हणाला.

ऐनाचा साकव झाला. पंधरा दिवसांनी धनेशाच्या पत्नीने लिंपण फोडले आणि ती बाहेर आली. पुढच्या पावसाळ्यात ओढा दुथडी भरून वाहत असताना एका अडलेल्या बाईला त्या साकवावरून सुखरूप पलीकडे नेण्यात आले.

त्यानंतर मंडळाने आपला दंडक सुधारला. आसन रिकामे झाले की सदस्य स्वतः अरण्याच्या कडेकडेने फिरू लागले, घरट्याघरट्याशी थांबून विचारपूस करू लागले आणि मगच नाव सुचवू लागले. मोरही फिरला. पहिल्या दिवशी त्याला कोणी फारसे ओळखले नाही, आणि ते त्याच्या हिताचेच झाले.

तात्पर्य : पदासाठी केवळ जवळ येऊन उभे राहिलेल्यांतून निवड करू नये, ज्याला खरे ज्ञान आहे, त्याला त्याच्या दारी जाऊन शोधून आणावे.