खिंडीतली वाट

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरापलीकडच्या नदीवर जायला तेव्हा एकच अरुंद खिंड होती. उन्हाळ्यात म्हशींचा कळप तिथे शिरला की अडून राहायचा, आणि मागे शेळ्या उन्हात तळमळत उभ्या असायच्या.

एके दिवशी चिंगी नावाची शेळी कळपाच्या म्होरक्या म्हशीकडे, म्हाताऱ्या भुरीकडे आली. "मावशी, तुमच्या दोन रांगांच्या मधून आम्ही सहज मावतो. जाऊ द्या ना आम्हाला."

"आम्ही ताटकळायचं आणि यांनी पुढे जायचं?" एक तरणा रेडा फुरफुरला.

हा वाद ऐकून ऐकून भुरी थकली होती. "कळप थांबलेला असेल तेव्हा सावकाश जा," ती म्हणाली. "चालता असेल तेव्हा मध्ये शिरू नका."

दुसऱ्या दिवशी कळप अडला आणि शेळ्या हळूहळू मधून निघाल्या. चिंगीचं करडू त्या तरण्या रेड्याजवळ आलं, तसं रेड्याने आपलं अंग त्याच्यावर रेटलं. करडू चेंगरलं. त्याचा पाय मोडला.

"तुला ते दिसलं नाही का रे?" भुरीने विचारलं.

"दिसलं होतं," रेडा मान खाली घालून म्हणाला.

"ते पुढे गेलं असतं तर नदी आटणार होती का?"

भुरीच्या अंगात रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. कळप पुढे सरकला, पण ती करडावर आपली सावली धरून तिथेच थांबली.

"मावशी, तुम्हालाही तहान लागली असेल," चिंगी म्हणाली.

"लागलीय गं," भुरी म्हणाली, आणि जागची हलली नाही.