सगुणेच्या जिभेवरल्या गाठीची कहाणी

ऐका, लेकुरवाळ्या देवी, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं एक वाणी राहत होता. घरात त्याची आई, बायको आणि सगुणा नावाची लेक. श्रावणी शुक्रवारी देवीची पूजा व्हायची, लेकीचं औक्षण व्हायचं, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. रीतीत काही कमी नव्हतं.

एके दिवशी सगुणा उंबऱ्यावर आपटली. खालचा पुढचा दात तुटला. रडत आजीकडं गेली. आजी म्हणाली, "दुधाचाच ना, पडायचाच होता." मग बापाकडं गेली. बाप म्हणाला, "दुधाचाच ना, पडायचाच होता." मग आईकडं गेली. आईचे हात पिठात. वर न बघता तिनंही तेच म्हटलं. मग सगुणा गप्प बसली.

तुटक्या दाताचं टोक जिभेला घासायला लागलं. बोलताना घासे, जेवताना घासे, झोपेत घासे. तिथं गाठ आली, वाटाण्याएवढी. घरात कुणाला पत्ता नाही. तोंडात बघितलं होतं कुणी?

श्रावण आला. शुक्रवारी नैवेद्य दाखवला, आरतीचं तबक आणायला मोठी माणसं आत गेली, सगुणा तिथंच राहिली. येऊन बघतात, तो पानातलं पुरण नाहीसं. आजीनं सगुणेला धरलं. "तू खाल्लंस?"

"नाही, आजी."

"तोंड उघड." उघडलं, तर जिभेवर गाठ. आजी म्हणाली, "बघा. नैवेद्य उष्टावला, वर खोटं बोलली, देवीनं शिक्षा केली." बाप म्हणाला, "कबूल हो." आई पाठ फिरवून आत गेली. सगुणेला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग सगुणेला देवघर बंद झालं, औक्षण बंद झालं. सगुणेनं बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं. पोर वाळत चालली.

पुढल्या शुक्रवारी दारी एक म्हातारी सवाष्ण आली. उंबऱ्यावरच बसली, सगुणेला मांडीवर घेतलं, हनुवटी वर केली. "दात कधी तुटला गं?"

"गाठीच्या आधी," सगुणा म्हणाली.

आई वाकून बघते, तो दाताचं टोक नेमकं गाठीवर. ती म्हणाली, "मी चुकले. आता काय करू?"

"वैद्याकडं ने. आणि वसा घे. रोज दिवेलागणीला लेकरू मांडीवर घ्यावं, तोंड बघावं, काय दुखतं विचारावं, सांगेल ते खरं धरावं."

वैद्यानं तुटका दात काढला. गाठ हळूहळू ओसरली. सगुणा जेवायला लागली. पण आजीचं आपलं तेच, "मग पुरण कुणी खाल्लं?" आई म्हणाली, "सगुणा नाही म्हणते, तर तिनं नाही."

पुन्हा शुक्रवार आला. आजी नैवेद्याच्या राखणीला बसली. ती म्हातारी आत आली, पाटावर बसली, पुरण खायला लागली. आजी म्हणाली, "अगं, ते देवीचं आहे."

"माझंच आहे. मागंही मीच खाल्लं. इतकी वर्षं दाखवताय, एकदा जेवले, तर आळ पोरीवर घेतलात."

आजी बघते, तो पाट रिकामा. तिनं तबक उचललं आणि सगुणेला ओवाळलं.

सगुणेचा शब्द जसा खरा ठरला, तसा तुमच्या आमच्या लेकरांचा ठरो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.