हौसाक्काचं तिसरं चित्र

एका राज्यात उग्रभानू नावाचा राजा राज्य करीत होता. नावावर जाऊ नका. पाल दिसली की सिंहासनावर पाय वर घेऊन बसणारा माणूस तो. त्याची राणी कुंदावती. तिला खऱ्याखोट्याची अशी पारख, की मोती नुसता तळहातावर घेऊन सांगायची, हा समुद्रातला, हा भट्टीतला. व्यापारी तिच्यापुढे यायचे ते घाम पुसतच यायचे.

त्याच राज्यात दर्पणकेतू नावाचा मांत्रिक राहत होता. त्याच्यापाशी एक आरसा होता. कुणाचंही चित्र आरशापुढे धरायचं, आरशावर फुंकर घालायची, की आतून तसंच दुसरं चित्र गळून पडे. न्याहारीपर्यंत शंभर चित्रं तयार. मग घरोघरी त्याचीच चित्रं लागली. शेजारणी शेजारणींना म्हणू लागल्या, "अगबाई, तुमच्याकडेही हाच हत्ती?" राज्यातले चितारी कुंचले धुऊन गुरं राखायला गेले.

एके दिवशी दर्पणकेतू दरबारात आला. राणीने त्याचं एक चित्र पाहिलं आणि खाली ठेवलं.

"काढलंय कुणी?"

"आरशाने, राणीसाहेब."

"मग आरशालाच विका."

दरबार हसला. प्रधान सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण त्याला कळलं नव्हतं. मांत्रिकाचे कान लाल झाले. त्याने मूठभर राख उधळली आणि म्हणाला, "एवढी पारख आहे ना? आजपासून तुला आपलं माणूसही ओळखू येणार नाही." आणि उभ्या जागी धूर होऊन खिडकीतून गेला.

राणीने डोळे चोळले. शेजारी बसलेल्या राजाकडे वळून तिने विचारलं, "पाहुणे कुठले?"

वैद्य झाले, अंगारे झाले. गुण नाही. राजा रोज सकाळी राणीच्या महाली जाऊन बसे. राणी रोज त्याला पाट देई, गूळपाणी देई आणि विचारी, "आपलं गाव कोणतं?" राजा रोज नवीन गाव सांगे. दुसरं काय सांगणार बिचारा? महिन्याभरात राज्यातली गावं संपली.

मग राणीच म्हणाली, "या घरात मला ओळखीचं कुणी नाही. माणसं चांगली आहेत, पण परकी. आंब्याला मोहोर आला की मी निघेन. जिथे कुणी आपलं भेटेल तिथे राहीन."

त्या दिवशी राजा जेवला नाही. आणि हा राजा जेवला नाही म्हणजे काय ते स्वयंपाक्यांना विचारा.

राणीची एक साळुंकी होती. ती बोलत असे, आणि बरंच बोलत असे. ती राजाच्या ताटाच्या काठावर येऊन बसली.

"राजा, सात टेकड्यांपलीकडे हौसाक्का चितारीण आहे. तिच्याजवळ डोळे उघडायचं काजळ आहे. चित्राचे डोळे ज्याच्यासमोर ती उघडते, त्याला ते चित्र ओळखतं. राणीचं तसं चित्र आण. चित्र ज्याला ओळखेल, त्याला राणी ओळखेल. काजळाचे तीन थेंब उरलेत."

"उद्याच प्रधानाला पाठवतो."

"तू जा."

"राजा खरेदीला जात नाही. प्रधान गेला म्हणजे मीच गेलो. राज्य असंच चालतं."

"राज्य चालत असेल," साळुंकी म्हणाली आणि ताटातला भात टिपू लागली.

प्रधान पालखीतून गेला. हौसाक्का दारात रंग वाळवत बसली होती. राणीला तिने जत्रेत पाहिलेलं, तेवढ्यावर चित्र काढून झालं. डोळे तेवढे राहिले. काजळाची काडी हातात धरून तिने विचारलं, "चित्र कोण घेतंय?"

प्रधानाने छाती पुढे काढली. "समोर कोण दिसतंय तुला?"

"तू."

"मग झालं तर."

तिने डोळे उघडले. चित्र दरबारात आलं. राणीने पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. राजा अर्धा उठलासुद्धा. पण राणी म्हणाली, "प्रधानजी, किती दिवसांनी दिसलात. श्रावणातल्या पंगतीतून शेल्यात बांधून नेलेले लाडू संपले का?"

प्रधान छताच्या तुळया बघू लागला. राणी राजाकडे वळली. "आणि हे पाहुणे?"

मग सेनापती हत्तीवरून गेला. त्यानेही तशीच मिशी पिळली, तसंच उत्तर दिलं. दुसरं चित्र आलं. राणी म्हणाली, "सेनापती, घरी उशीर झाला की अजून मागच्या दारानेच शिरता का?" सैन्याने मान खाली घातली, पण खांदे हलत होते. राणी राजाकडे वळली. तिने काय विचारलं ते पुन्हा सांगायला नको.

"एक थेंब उरला," साळुंकी म्हणाली. "आता कुणाला पाठवतोस?"

राजाने दरबाराकडे पाहिलं. दरबाराने आपापल्या अंगठ्यांकडे पाहिलं.

"मी जातो," राजा म्हणाला.

"तुझे जोडे कुठे असतात ते ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते आपोआप पायांत येत होते. राजा अनवाणीच निघाला. कमरेला मोहरांची पुरचुंडी, संगतीला कुणी नाही. पहिल्या टेकडीने त्याला नाव विचारलं. चौथी झोपली होती, तिच्या अंगावरून तो हलक्या पावलांनी गेला. सातवीने वाट दिली.

हौसाक्काच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "आम्हांस चित्र हवे आहे."

हौसाक्काने त्याच्या मागे डोकावून पाहिलं. "बाकीचे कुठे राहिले?"

"मी एकटाच आहे."

"मग एकट्यासारखं बोल. तीन कामं करशील तर चित्र मिळेल. पहिलं, माझ्या भिंतीवरची चित्रं बघ. पळत नाही, बसून."

राजा बसला. सकाळी त्याला म्हैस दिसली. दुपारी कळलं, म्हशीचं रेडकू नुकतंच विकलंय. संध्याकाळी तो उठला तो नाक पुसत.

"दुसरं, हा निळा दगड उगाळ."

सात दिवस राजाने दगड उगाळला. बोटं निळी झाली, दाढी निळी झाली. शेजारची बकरी त्याला बिचकू लागली. रंग जाडाभरडा निघाला की हौसाक्का एवढंच म्हणे, "पुन्हा." राजाला आयुष्यात हा शब्द कुणी ऐकवला नव्हता.

"तिसरं, सांग. राणी तुझ्याकडे बघते तेव्हा कशी दिसते?"

राजाने घसा साफ केला. "कमलनयनी. चंद्रमुखी. सुवर्णकांती."

"हे कुणीही सांगेल. तुझी बायको सांग."

वीस वर्षांचा संसार, आणि राजा दोन दिवस ओसरीवर डोकं धरून बसला. तुम्ही हसताय, पण घरी जाऊन स्वतःला विचारून बघा. तिसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "मी थाप मारली की तिची डावी भुवई वर जाते. उजवी जात नाही. मग हसू येऊ नये म्हणून ती गाल आतून दातांत धरते. तिला वाटतं मला दिसत नाही."

हौसाक्काने कुंचला उचलला.

चित्र सावकाश होत गेलं. एके सकाळी साळुंकी धापा टाकत आली. "राजा, आंब्याला मोहोर आला. राणीने गाठोडं बांधलं."

"अक्का, उरक."

"रंग ओला आहे. ओल्यावर डोळे उघडले तर वाहून जातील. दुपारपर्यंत थांब."

राजाला धीर धरवेना. तो पाणी आणायला ओढ्यावर गेला, तर तिथे दर्पणकेतू हात जोडून उभा. काखेत चित्र.

"महाराज, कशाला ताटकळता? हेच चित्र, डोळे उघडलेले, वाळलेलं. आत्ता घ्या, राणीसाहेब निघायच्या आत पोचाल. आणि अर्ध्या किमतीत."

राजाने चित्र हातात घेतलं. तीच राणी, तेच लुगडं. त्याचा हात कमरेच्या पुरचुंडीकडे गेला. मग तो थांबला.

"नथ उजव्या नाकपुडीत आहे."

"आरशाचं चित्र आहे, महाराज. एवढ्याने काय अडतं?"

"आणि भुवया दोन्ही खाली आहेत. हिने मला ओळखलेलं नाही." त्याने चित्र परत केलं, घागर भरली आणि उशीर होत असतानाही चढण चढून माघारी आला.

दुपारी हौसाक्काने काजळाच्या शेवटच्या थेंबात काडी बुडवली. "चित्र कोण घेतंय?"

"मी. कुंदावतीचा नवरा."

तिने डोळे उघडले. चित्राने राजाकडे पाहिलं, आणि राजाने निळी दाढी हाताने नीट केली. हौसाक्काने किंमत सांगितली. राजाने घासाघीस केली नाही, कारण ती कशी करतात हेच त्याला माहीत नव्हतं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चित्र डोक्यावर घेऊन तो धावत सुटला.

वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी निळ्या दाढीच्या, अनवाणी माणसाला भाले आडवे लावले. "चित्रं विकायची तर बाजारात जा." तेवढ्यात आतून राणी आली. काखेत गाठोडं, हातात वाटेसाठी भरून घेतलेला पाण्याचा तांब्या.

राजाने चित्रावरचं लुगडं सोडलं आणि चित्र तिच्यापुढे धरलं.

राणी चित्राकडे बघत राहिली. चित्र कुणाकडे बघतंय ते तिने पाहिलं. मग तिनेही तिकडे पाहिलं. पहारेकऱ्यांचे हात अवघडले.

"अहो," राणी म्हणाली, "पायांची काय ही दशा करून घेतलीत? बसा त्या पायरीवर."

राजा बसला. राणीने गाठोडं खाली टाकलं, आणि प्रवासासाठी भरलेला तांब्या त्याच्या पायांवर रिता केला.

त्याच घटकेला दर्पणकेतूच्या आरशाने चित्रं द्यायचं सोडलं. फुंकर घातली की त्यात त्याचंच तोंड दिसे, आणि ते त्याला सोसवेना. तो राज्य सोडून गेला. राणीला सगळी माणसं ओळखू येऊ लागली, आणि सगळे सावध झाले. चितारी गुरं सोडून परतले. ज्याला चित्र हवं तो पायी त्यांच्या दारी जाऊ लागला. प्रधानसुद्धा गेला. तो अजून दगड उगाळतोय, हौसाक्का अजून "पुन्हा" म्हणतेय.

गोष्ट सांगून झाली, उंबऱ्यावर ठेवली. ज्याला हवी त्याने नोकर न धाडता स्वतः उचलून न्यावी.